गाठींच्या मागे काय आहे?

मागच्या अंकात मी बँकेतल्या ठेवींबद्दल लिहिलं आणि पत्रं आली ती सगळी शेअरबद्दल. असो. त्यातली पाच घेतली आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलंय, बाकीच्यांनी राग मानू नये. पत्रं पाठवणाऱ्यांची नावं नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत.

प्रश्न : माझे यजमान एप्रिलमध्ये गेले. त्यांच्या नावे सहा मोठ्या कंपन्यांचे शेअर आहेत, काही तर १९९४ पासूनचे. मुलगा म्हणतो, विकून एफडी करून टाक. दीर म्हणतात, एवढ्या मोठ्या कंपन्या कधी बुडतात होय? मला अजून पंधरा-वीस वर्षं काढायची आहेत. माध्यमिक शाळेत गणित शिकवत होते, त्यामुळे आकड्यांची भीती नाही. पण एका कंपनीचा वार्षिक अहवाल उघडला तर चारशे पानं! यातलं नेमकं काय वाचायचं? — निवृत्त शिक्षिका, चिपळूण

उत्तर : दिरांच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, ते आधी देते. बुडतात. १९८६ साली सेन्सेक्स सुरू झाला तेव्हा त्याच्या पहिल्या तीस कंपन्यांत प्रीमियर ऑटोमोबाइल्स होती आणि बल्लारपूर इंडस्ट्रीजही होती. मुंबईच्या रस्त्यांवर जिकडेतिकडे प्रीमियरच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी, आणि कागद म्हटलं की बल्लारपूर. आज पद्मिनी बघायला जुने सिनेमे लावावे लागतात आणि बल्लारपूर इंडस्ट्रीज २०२० मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. अलीकडचं उदाहरण डीएचएफएलचं. घरकर्ज देणारी नावाजलेली कंपनी. २०१९ मध्ये देणी थकली, २०२१ मध्ये ती पिरामल समूहाकडे गेली आणि जुन्या भागधारकांच्या हाती शून्य आलं. म्हणजे भाव पडला असं नाही, शेअरच रद्द झाले. २०१६ च्या दिवाळखोरी कायद्यात कोणी कधी जेवायचं याच्या पंगती ठरलेल्या आहेत. भागधारक शेवटच्या पंगतीला, आणि तोवर बहुतेक वेळा पातेली खरवडून झालेली असतात.

म्हणून मुलाचं बरोबर, असंही मी म्हणणार नाही. सहातल्या कोणत्या ठेवायच्या हे बघता येतं. कसं, ते सांगायला मला थोडं मागे जावं लागेल.

१९९१ साली मी इचलकरंजीच्या शाखेत कर्जखात्यात होते. एक कापडवाली पार्टी होती. आम्ही बँकवाले कर्जदाराला पार्टीच म्हणतो. गोदामातल्या मालाचा हिशेब, म्हणजे स्टॉक स्टेटमेंट, दर महिन्याला वेळेवर, तीन वर्षं नफा चढता, दिवाळीला अख्ख्या शाखेला बुंदीचे लाडू. खटकत होतं ते एकच. त्यांचं कॅश क्रेडिटचं, म्हणजे मालाच्या तारणावर लागेल तसं काढायच्या कर्जाचं, खातं बाराही महिने लिमिटला टेकलेलं असायचं. धंदा चालू असला की हे खातं वरखाली होतं : सूत घेतलं की चढतं, माल विकून पैसे आले की उतरतं. हे खातं हलायलाच तयार नव्हतं. एका दुपारी मी न कळवता गोदामात गेले. दारापासून छतापर्यंत गाठी रचलेल्या. शिडी मागितली तर दिवाणजी म्हणाले, "ताई, वर चढू नका, लई धूळ हाय." चढले. पुढच्या दोन थप्प्यांच्या मागे रिकामी खोकी होती आणि खोक्यांच्या मागे भिंतीपर्यंत मोकळी फरशी. त्या फरशीवर मांजरीनं तीन पिल्लं घातली होती.

ताळेबंदात मात्र ते गोदाम भरलेलं होतं. वर्षअखेरचा साठा फुगवला की विकलेल्या मालाचा खर्च कमी दिसतो आणि नफा आपोआप फुगतो, हे गणिताच्या बाईंना समजावायला नको.

चारशे पानी अहवालात पहिली शे-दीडशे पानं ही पुढची थप्पी असते : अध्यक्षांचं मनोगत, सौरपट्ट्यांचे फोटो, रोप हातात धरलेले कर्मचारी. ती सोडा आणि मागच्या अर्ध्या भागात जा. तिथे हिशेब दोनदा छापलेले असतात, एकदा एकट्या कंपनीचे आणि एकदा तिच्या उपकंपन्यांसह. तुम्ही उपकंपन्यांसहचे, म्हणजे 'कन्सॉलिडेटेड' असं लिहिलेले घ्या. त्यात कॅश फ्लो स्टेटमेंट शोधा. त्याचा पहिला भाग 'ऑपरेटिंग ॲक्टिव्हिटीज' या नावाचा असतो आणि त्या भागाची शेवटची बेरीज म्हणजे धंद्यातून खरोखर हातात आलेली रोकड. एका वहीत दोन रकाने आखा. एकात करानंतरचा नफा, दुसऱ्यात ही रोकड. दहा वर्षांचे आकडे भरा. प्रत्येक अहवालात चालू आणि मागचं अशी दोन वर्षं असतातच, त्यामुळे एकाआड एक असे पाच अहवाल पुरतात. ते कंपनीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात.

आता बेरीज करा. एकेका वर्षाकडे बघून घाबरू नका, मार्चच्या शेवटी एखादं मोठं बिल अडकलं तरी आकडा हलतो. समजा, दहा वर्षांचा नफा मिळून १०,००० कोटी आणि रोकड ११,००० कोटी. छान. घसारा, म्हणजे यंत्रांची झीज, हा खर्च लिहिला जातो पण त्याचे पैसे त्या वर्षी कोणाला द्यायचे नसतात, त्यामुळे धडधाकट कारखानदार कंपनीत रोकड नफ्याहून थोडी जास्तच असायला हवी. पण रोकड ४,००० कोटीच निघाली तर उरलेले ६,००० कोटी आहेत कुठे? बहुतेक वेळा ते दोन ठिकाणी सापडतात, येणी आणि साठा. येण्यांना वर्षाच्या विक्रीने भागा आणि ३६५ ने गुणा, म्हणजे गिऱ्हाइकाकडून पैसे यायला किती दिवस लागतात ते कळतं. पाच वर्षांपूर्वी ६० दिवस लागत होते आणि आता १४० लागत असतील, तर माल विकला जात नाहीये, व्यापाऱ्याच्या गळ्यात मारला जातोय. ही पद्धत बँका आणि वित्त कंपन्यांना लागू नाही, त्यांचं खाली तिसऱ्या उत्तरात आहे.

यानंतर व्याज बघा. व्याज आणि कर वजा करण्याआधीचा नफा व्याजाच्या किती पट आहे? चार-पाच पट असेल तर झोप लागते. आमच्याकडे हा आकडा दोनाच्या खाली आला की मी फाइल बाजूला ठेवायचे. दीडच्या खाली आला की साहेब ठेवायचे.

कर्ज किती आहे याइतकंच ते कसलं आहे हेही बघावं लागतं. पवनचक्क्या बनवणाऱ्या आपल्या पुण्याच्या सुझलॉनचं घ्या. २००७ मध्ये तिने आरईपॉवर ही जर्मन कंपनी ताब्यात घेतली. त्या काळात तिने परदेशात असे कर्जरोखे विकले होते, ज्यांचे पुढे शेअर करून घेण्याची मुभा रोखेधारकाला होती. शेअरचा भाव चढा राहिला असता तर लोकांनी आनंदाने शेअर घेतले असते आणि परतफेडीचा प्रश्नच आला नसता. २००८ मध्ये भाव कोसळला. मग शेअर कोण घेणार? त्यांनी डॉलर परत मागितले आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये सुमारे २० कोटी ९० लाख डॉलर कंपनीला देता आले नाहीत. पुढे अनेक वर्षं कर्जाच्या पुनर्रचना चालल्या. आज कंपनी सावरली आहे, पण २००८ च्या जानेवारीत शेअर घेतलेल्या माणसाला विचारा. पवनचक्क्या तेव्हाही फिरत होत्या.

तुम्ही शिक्षिका आहात म्हणून एक शंका तुमच्या मनात आलीच असेल : रोकडच खोटी लिहिली तर? लिहितात. सत्यम या हैदराबादच्या सॉफ्टवेअर कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी ७ जानेवारी २००९ च्या पत्रात कबूल केलं की पुस्तकात दाखवलेल्या ५,३६१ कोटींच्या रोख आणि बँकशिलकेपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नाहीत. त्याआधीच्याच डिसेंबरात सत्यमने राजूंच्या कुटुंबीयांच्या मेटास या दोन कंपन्या विकत घ्यायचं जाहीर केलं होतं. भागधारक खवळले आणि काही तासांत तो बेत गुंडाळावा लागला. नसलेल्या रोकडीच्या जागी खऱ्या मालमत्ता आणून ठेवायचा तो शेवटचा प्रयत्न होता, असं त्यांनीच त्या पत्रात लिहिलं. म्हणजे खोकी काढून मागे खऱ्या गाठी रचायच्या! अशा फसवणुकीपुढे माझी वही पुरी पडत नाही, हे कबूल करते. तरी एक किल्ली ठेवा. कंपनी हजारो कोटी बँकेत असल्याचं सांगते, तर त्यावर व्याज किती मिळालं ते 'इतर उत्पन्न' या टिपेत बघा. बँका सहा-सात टक्के देत असताना हिला दीड-दोन टक्केच मिळत असतील तर काहीतरी चुकतंय. आणि पैसा खरंच पडून असेल तर त्याच वेळी कर्ज कशाला काढलंय?

लेखापरीक्षकांचा अहवाल तीन-चार पानं तरी वाचाच. त्यात 'की ऑडिट मॅटर्स' या शीर्षकाखाली त्यांना कुठे जास्त खोलात जावं लागलं ते लिहिलेलं असतं. लेखापरीक्षक मुदत संपण्याआधी, त्यातही निकालाच्या तोंडावर 'वैयक्तिक कारणाने' किंवा 'कामाच्या व्यापामुळे' सोडून गेला असेल, तर मी तरी थांबत नाही.

अजून एक, आणि हे आधी करा. कागदी शेअरची विक्री १ एप्रिल २०१९ पासून बंद आहे. वारस म्हणून ते तुमच्या नावावर होतात, पण विकायला डीमॅट, म्हणजे कागदाऐवजी संगणकावरच्या नोंदीने शेअर ठेवायचं, खातं लागतं. लाभांश सलग सात वर्षं कोणी घेतला नसेल तर शेअर सरकारच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीत जातात. तिथून परत मिळतात, पण फेऱ्या माराव्या लागतात.

प्रश्न : रस्ते-बोगद्यांसारख्या प्रकल्पांत पैसा घालणाऱ्या आयएल अँड एफएसला कर्ज फेडण्याच्या ऐपतीचं सर्वोच्च, म्हणजे एएए मानांकन होतं. तरी ती बुडाली. मग मानांकन बघायचंच कशाला? — अभियंता, ठाणे

उत्तर : बघायचं, पण खाली उतरलेलं मानांकन बघायचं. चढलेलं मानांकन कंपनी स्वतःच जाहिरातीत छापते.

मूळ कंपनी सूचिबद्ध नव्हती, पण रस्ते बांधणाऱ्या तिच्या कंपनीचे शेअर बाजारात होते आणि माझ्या ओळखीच्या दोघांकडे ते होते. २०१८ च्या सप्टेंबरात देणी थकायच्या काही आठवडे आधीपर्यंत मूळ कंपनीचं मानांकन सर्वोच्च होतं. एकूण कर्ज सुमारे ९१,००० कोटी, उपकंपन्या तीनशेहून अधिक. १ ऑक्टोबरला सरकारने संचालक मंडळच बदललं. दुखणं फार जुन्या जातीचं होतं. बोगदे, महामार्ग यांचे पैसे वीस-पंचवीस वर्षांत परत येतात, आणि उसनवारीतला बराच भाग काही महिन्यांत फेडायचा. हापूसची कलमं लावायला चार महिन्यांच्या मुदतीचे हातउसने घेतल्यासारखं. दर चार महिन्यांनी दुसरा कोणीतरी देणारा भेटतोय तोवर बाग सुंदर दिसते.

म्हणून ताळेबंदात एका वर्षात फेडायचं कर्ज आणि एका वर्षात हाती येणारा पैसा हे दोन आकडे शेजारी ठेवा. मानांकन देणाऱ्या संस्थेचे पैसे कोण भरतं, हेही आठवत असू द्या. ज्याचं मानांकन व्हायचं असतं तोच.

प्रश्न : मी वापरतो त्या ॲपवर कर्ज आणि भांडवलाचं गुणोत्तर एकाहून कमी असेल तर हिरवा ठिपका येतो, जास्त असेल तर लाल. सगळ्या बँका लाल दिसतात. मग बँकांचे शेअर घेऊच नयेत का? — वय २६, चाकण

उत्तर : ॲपला बँक आणि बिस्किटाचा कारखाना यांतला फरक कळत नाही, तुम्हाला कळायला हवा. लोकांच्या ठेवी हे बँकेचं देणं असतं आणि तोच तिचा कच्चा माल. त्यावर लाल ठिपका म्हणजे हलवायाच्या दुकानात साखर फार आहे अशी तक्रार. उलट हिंदुस्थान युनिलिव्हरसारख्या कंपनीकडे दुकानांतून पैसा लवकर येतो आणि पुरवठादारांना तो सावकाश जातो, त्यामुळे तिला कर्ज जवळजवळ लागतच नाही. तो हिरवा ठिपका धंद्याच्या जातीचा आहे. पोलाद कंपनीला भट्ट्या उभारायला कर्ज लागणारच. तिथे पोलादाचे भाव पडलेल्या वर्षीही व्याज भागतं का ते बघा. चांगलं वर्ष बघून काहीच कळत नाही.

बँकेत बघायचं ते बुडीत कर्ज, आणि बँक ते प्रामाणिकपणे सांगते का. येस बँकेने २०१५-१६ साठी एकूण बुडीत कर्ज सुमारे ७४९ कोटी दाखवलं होतं. रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत ते ४,९२६ कोटींच्या आसपास निघालं. हा फरक कोणी लपवला नव्हता, २०१७ च्या वार्षिक अहवालातल्या टिपेत छापलेला होता. त्यानंतरही शेअर काही काळ चढत राहिला. ५ मार्च २०२० ला बँकेवर निर्बंध आले आणि खातेदाराला ५०,००० रुपयांच्या वर काढता येईना. मधली तीन वर्षं ती टीप वाचणाऱ्याला बाहेर पडायला मोकळी होती. टीप मीही वेळेवर वाचली नव्हती, खोटं कशाला बोलू. माझे तिथे शेअर नव्हते, एवढंच.

प्रश्न : 'कंटिंजंट लायबिलिटीज' म्हणजे संभाव्य देणी. प्रत्येक अहवालात मोठमोठे आकडे असतात आणि खाली लिहिलेलं असतं की व्यवस्थापनाच्या मते हे द्यावे लागण्याची शक्यता कमी आहे. मनावर घ्यायचं का? — विक्रीकर खात्यातून निवृत्त, नाशिक

उत्तर : तुम्ही ज्या खात्यात होतात तिथून निघालेल्या नोटिसाही त्यात असतील! बहुतेक आकडे करविवादांचे असतात आणि वीस वर्षं तसेच सरकत राहतात. मी एकच भागाकार करते : ही सगळी रक्कम द्यावी लागली तर कंपनीच्या निव्वळ मालमत्तेपैकी किती जाईल? दहा टक्के असेल तर पान उलटते. पन्नास टक्के असेल तर खटला कोणत्या न्यायालयात आहे ते वाचते.

दूरसंचार कंपन्यांचं बघा. सरकारला द्यायचा वाटा कोणत्या उत्पन्नावर मोजायचा, यावर वर्षानुवर्षं वाद चालू होता. कंपन्या म्हणत, फक्त दूरसंचार सेवेच्या उत्पन्नावर. दूरसंचार खातं म्हणे, व्याज, भाडं सगळं धरून. २४ ऑक्टोबर २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने खात्याचं म्हणणं मान्य केलं. व्होडाफोन आयडियाने त्या तिमाहीत ५०,९२१ कोटींचा तोटा दाखवला, एअरटेलने २३,०४५ कोटींचा. निकाल एकच होता. एअरटेलला तो पचला आणि व्होडाफोन आयडियावर पुढे सरकारलाच मोठी भागीदारी द्यायची वेळ आली, कारण तिच्या पोटात आधीपासूनच काही शिल्लक नव्हतं.

प्रवर्तकांनी, म्हणजे कंपनीच्या मूळ मालकांनी, गहाण टाकलेल्या शेअरबद्दलही तुम्ही पुरवणी विचारली आहे. सत्यमनंतर, २००९ पासून, ते जाहीर करावंच लागतं. दर तिमाहीच्या भागधारणेच्या तक्त्यात सापडेल. भाव पडला की सावकार गहाण शेअर विकतो, विकले की भाव आणखी पडतो. कंपनी ठणठणीत असली तरी मालकाच्या खाजगी उधारीपायी तुमचा शेअर बुडू शकतो. गहाणाचा आकडा तिमाहीगणिक वाढतोय असं दिसलं, तर मी कारण विचारायला थांबत नाही.

प्रश्न : तुमच्याकडे कोणते शेअर आहेत ते सरळ सांगा ना! — एक वाचक, बार्शी

उत्तर : सांगणार नाही. पैसे घेऊन सल्ला द्यायला सेबीची, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेची, नोंदणी लागते. मी ती घेतलेली नाही, आणि मासिकात नावं छापून फुकट सल्ला देण्याचीही माझी तयारी नाही. कोणते बुडाले ते विचारा, तेही नाव न घेता सांगते. २०१० मध्ये एका बांधकाम कंपनीचे ४०० शेअर घेतले. त्यांची वही केली नाही, कारण आमच्या विभागीय कार्यालयात सगळ्यांनीच घेतले होते आणि जेवणाच्या सुटीत दुसरा विषय नसायचा. पुढे केली. नऊ वर्षांच्या नफ्याची बेरीज चढती होती आणि रोकडीची शून्याच्या खाली. यजमानांनी वही बघितली आणि म्हणाले, "इचलकरंजीत शिडी मागितलीस, इथे का नाही मागितलीस?" उत्तर नव्हतं, चहा टाकायला उठले. त्या शेअरचे व्यवहार आता बंद आहेत, विकायचे म्हटले तरी घेणारा नाही. डीमॅटच्या स्टेटमेंटवर अजून त्यांची ओळ येते. संख्येच्या रकान्यात ४००, आणि किमतीच्या रकान्यात एक आडवी रेघ.